सुमेरचे कारकून आणि आजोबांची पेटी

पेडण्याला आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. लहानपणी ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला, खाली यायची. बाबा ती ओल्या फडक्याने पुसायचे, गंध लावायचे, झेंडूची दोन फुले वाहायचे आणि आम्हाला हात लावू न देता परत वर चढवायचे. "भितर कितें आसा?" हा आम्हा भावंडांचा प्रश्न ठरलेला आणि "आपली सगळी इस्टेट" हे बाबांचे उत्तरही ठरलेले.

मोठेपणी ती उघडून पाहिली तेव्हा आत कागदांचे दोन गठ्ठे निघाले. एक बोरूने लिहिलेल्या मोडीचा, दुसरा शिक्के मारलेल्या पोर्तुगीज कागदांचा. आजोबांना दोन्ही येत. बाबांना एकही येत नव्हते आणि माझा तर प्रश्नच नाही. दोन पिढ्यांत घरातला कागद घरच्यांनाच परका झाला. तरीही पूजा चालूच होती. किंबहुना वाचता येत नव्हते म्हणूनच पूजा चालू होती, असे आता वाटते.

या पेटीची आठवण मला फार दूरच्या एका देशाबद्दल वाचताना झाली. मी डिचोलीत एका सरकारी कचेरीत कारकून आहे. कला शाखेचा पदवीधर असल्यामुळे इतिहासाची खोड जुनी आहे, आणि म्हापशाला बस बदलत रोज जाण्यायेण्यात जो वेळ जातो तो वाचनासाठीच असतो असे मी ठरवून टाकले आहे. अशाच प्रवासात सॅम्युएल नोआ क्रेमर या विद्वानाचे 'हिस्टरी बिगिन्स ॲट सुमेर' हे पुस्तक हाती आले. राजे, देवळे, लढाया असे काहीतरी वाचायला मिळेल म्हणून उघडले आणि भेटले कोण? तर कारकून! जगातले पहिले कारकून.

सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या गाळाने बनलेली सपाट जमीन. तिथे दगड नाही, चांगले लाकूड नाही, धातू नाही. आहे ती फक्त माती. त्या मातीच्या विटा करून त्यांनी उर, उरुक, निप्पूर, लगाश अशी नगरे बांधली आणि त्याच मातीच्या ओल्या वड्यांवर बोरूच्या टोकाने खुणा करून जगातले सगळ्यात जुने लेखन केले. उरुक येथे सापडलेल्या अशा वड्या इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमाराच्या आहेत. पुढे या खुणांना पाचरीसारखा आकार आला, म्हणून त्या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात.

आता या पहिल्या लेखनात काय असावे? एखादी प्रार्थना? राजाची स्तुती? तसे काही नाही. हिशेब आहेत. इतकी बार्ली आली, इतकी मद्य गाळण्यासाठी दिली, इतक्या मेंढ्या गोठ्यात आहेत. त्या आरंभीच्या वड्यांतल्या बार्लीच्या हिशेबांवर 'कुशीम' असे एक नाव पुन्हा पुन्हा येते. ते माणसाचे नाव की हुद्द्याचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण माणसाचे असेल तर लेखी स्वरूपात उरलेल्या माणसांच्या अगदी पहिल्या नावांत एका कोठारावरच्या हिशेबनिसाचे नाव आहे. राजाचे नाही, ऋषीचे नाही, कवीचे नाही! आमच्या जातीच्या माणसाला याहून मोठा मान कुठे मिळणार?

पुढे इ.स.पू. २११२ ते २००४ या काळात उरच्या राजांनी मोठे राज्य उभे केले. त्या शंभर वर्षांच्या कारभारातल्या हजारो वड्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुझ्रिश-दागान नावाच्या ठिकाणी तर सरकारी गुरांचे मोठे ठाणे होते. तिथे आलेल्या, गेलेल्या आणि मेलेल्या जनावरांचीही नोंद आहे. पावती लिहून झाली की तिच्याभोवती मातीचाच लखोटा करायचे, त्यावर आतला मजकूर थोडक्यात लिहायचे आणि लाटण्यासारखा गोल शिक्का फिरवायचे. वाद झाला की लखोटा फोडायचा आणि आतले बघायचे. माल मिळाल्याची नोंद ते 'शु बा-ति' अशा शब्दांनी करीत. यातल्या 'शु'चा अर्थ हात. आपण ज्याला हातपोच म्हणतो ती! चार हजार वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याला मी बसमध्ये बसल्या बसल्या मनोमन नमस्कार केला.

भाषेबद्दल सांगायचे तर सुमेरियन ही एकटी भाषा आहे. आपली मराठी-कोंकणी संस्कृताच्या गोतावळ्यातली, कानडी-तमिळ द्राविड कुळातली. सुमेरियनला मात्र आई नाही, बहीण नाही आणि लेकही नाही. कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तिची घडण शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय चिकटवत जाण्याची. 'लू' म्हणजे माणूस, 'गल' म्हणजे थोर, तर 'लूगल' म्हणजे राजा. 'ए' म्हणजे घर, 'एगल' म्हणजे थोरले घर, राजवाडा. हा 'एगल' शब्द शेजारच्या अक्कादियन लोकांनी घेतला आणि पुढे हिब्रूत 'हेखाल', अरबीत 'हैकल' असा तो देवळाच्या अर्थाने पोचला. भाषा गेली, पण तिचे घर दुसऱ्यांच्या गावात उभे राहिले.

अक्कादियन ही वेगळ्या कुळातली, अरबी-हिब्रूच्या नात्यातली भाषा. दोन्ही समाज शेकडो वर्षे शेजारी नांदले. इ.स.पू. २३३४ च्या सुमारास अक्कादचा सार्गोन राजा झाला आणि त्याने सुमेरची नगरे जिंकली. राजाची भाषा अक्कादियन. पण त्याची मुलगी एन्हेदुआना उर येथे चंद्रदेवाची मुख्य पुजारीण झाली, आणि तिच्या नावावर असलेली स्तोत्रे आहेत ती सुमेरियनमध्ये. जगात नाव माहीत असलेली पहिली लेखक म्हणून तिचा उल्लेख होतो. घरात एक भाषा आणि देवापुढे दुसरी, ही गोष्ट गोंयकाराला वेगळी समजावून सांगायला नको.

इ.स.पू. २००० च्या आसपास सुमेरियन बोलणारी माणसे संपली. नेमके कधी, यावर वाद आहेत. पण गंमत पुढेच आहे. लोकांच्या तोंडून गेलेली ही भाषा कागदावर, म्हणजे मातीवर, आणखी दोन हजार वर्षे टिकली! निप्पूरसारख्या नगरांत 'एदुब्बा' म्हणजे वड्यांचे घर नावाच्या शाळा होत्या. तिथे अक्कादियन बोलणारी पोरे सुमेरियन घोकत बसत. सुमेरियन न येणारा लेखनिक कसला लेखनिक, अशा अर्थाची त्यांची एक म्हणही होती. एका विद्यार्थ्याच्या दिवसावर लिहिलेली रचना मिळाली आहे. त्यात तो उशिरा आला म्हणून, बोलला म्हणून, अक्षर वाईट म्हणून दिवसभर छड्या खातो. शेवटी बाप मास्तरांना घरी बोलावून जेवू घालतो, वस्त्र देतो, आणि मग मास्तर पोराची स्तुती करतात. असो. काही गोष्टी चार हजार वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत!

या शाळांसाठी शब्दांच्या याद्या केल्या गेल्या. डाव्या बाजूला सुमेरियन, उजव्या बाजूला अक्कादियन. सीरियातल्या एब्ला या ठिकाणी १९७०च्या दशकात राजवाड्याचे दप्तर सापडले, त्यातही अशा दुभाषी याद्या आहेत. हे जगातले सर्वांत जुने दुभाषी कोश. म्हणजे सुमेरियन ही केवळ एका मुलुखाची भाषा राहिली नाही. लिहिणे शिकायचे तर सुमेरियनच्या दारातून आत जायचे, असा दंडक सुमेरपासून दूर सीरियापर्यंत पोचला होता. इ.स.पू. सातव्या शतकात असीरियाचा बलाढ्य राजा अशुरबनिपाल आपल्याला अवघड सुमेरियन वाचता येते याची प्रौढी मिरवतो. आणि अगदी शेवटच्या काळातल्या काही वड्यांवर एका बाजूला कीलाकार लिपी आणि दुसऱ्या बाजूला तेच शब्द ग्रीक अक्षरांत आहेत. लिपी विसरत चाललेली, पण उच्चार तरी राहावा ही कोणा विद्यार्थ्याची धडपड. ते वाचताना मला सोळाव्या शतकातल्या आपल्या कृष्णदास शामाच्या कथा आठवल्या. त्या रोमन लिपीत उतरलेल्या रूपात दूर पोर्तुगालातल्या ब्रागा येथे राहिल्या. मूळची लिपी हरवली तरी शब्द वाचले.

इ.स.च्या पहिल्या शतकानंतर कीलाकार लिपी वाचणारा कोणी उरला नाही. ती पुन्हा वाचण्याच्या कामात हेन्री रॉलिन्सनचा मोठा वाटा आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईच्या फौजेतला अधिकारी, १८२७ साली मुंबईत आलेला. पुढे इराणात गेल्यावर बेहिस्तूनच्या कड्यावरचा लेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. त्या कामातून अक्कादियन उलगडली आणि तिच्यामागे आणखी एक भाषा दडलेली आहे हे लक्षात आले. १८६९ साली ज्यूल ओपेर याने तिला सुमेरियन हे नाव सुचवले. त्यावर जोसेफ हालेव्ही नावाचा पंडित म्हणू लागला की अशी भाषाच नव्हती, ही तर पुजाऱ्यांची गुप्त लिहिण्याची तऱ्हा! हा वाद कित्येक वर्षे चालला. अमुक ही भाषाच नाही, असे ठामपणे सांगणारे पंडित आपल्या गोव्यानेही पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला हालेव्हीचे नवल वाटले नाही. १८७७ पासून तेल्लो येथे झालेल्या उत्खननात सुमेरियन लेखांचे ढीग निघाले आणि वादाचा पाया ढासळला.

गोव्याचा आणि सुमेरचा थेट संबंध सांगणारेही एक पुस्तक आहे. अनंत रामकृष्ण शेणवी धुमे यांनी १९८६ साली गोव्याच्या प्राचीन सांस्कृतिक इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सुमेरियन लोक गोव्यात येऊन वसले, असे मत त्यांनी त्यात मांडले. आमच्याकडे हे मत अजून अधूनमधून ऐकू येते आणि ऐकताना छाती जराशी फुगतेही. धुमे यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर हे मत मला पटत नाही. जी माणसे मेलेल्या मेंढीचीही नोंद ठेवत, त्यांची लेख असलेली एकही वडी गोव्याच्या मातीत मिळालेली नाही. जमीन हाताने मोजण्याची चाल दोन्हीकडे आहे म्हणावे, तर कोपर देवाने सगळ्यांनाच दिले आहे.

संबंध होता तो भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या वरच्या भागाशी, सिंधू संस्कृतीशी. मेलुहाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे सार्गोन अभिमानाने सांगतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. उरच्या राजघराण्यातल्या थडग्यांत सिंधू पद्धतीचे लाल कार्नेलियनचे मणी मिळाले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शु-इलिशु नावाच्या माणसाचा शिक्का आहे, त्यावर त्याचा हुद्दा दिला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या! चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या उपखंडातली कुठलीतरी भाषा जाणणारा हा माणूस तिकडे त्या कामावर पोट भरत होता. ती भाषा कोणती, हे मात्र आज कोणी सांगू शकत नाही.

पण सुमेरियन माणसे गोव्यात आली नसली तरी सुमेरियन भाषेची गोष्ट गोव्यात घडलेली आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख दारावर आहे. तो देवनागरीत आहे, पण भाषा संस्कृत. नार्व्याच्या शेतात काम करणारा कोणी संस्कृत बोलत नव्हता, तरी दगडावर कोरायला तीच हवी. तिकडे हरवळ्याच्या लेण्यांत शिवलिंगावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो तर आता अभ्यासकांनाच कळणार. मग कदंबांचे संस्कृत आणि कानडी लेख आले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले, आणि मोडी मराठीच्या शेजारी पोर्तुगीज कागद येऊन बसला.

१९ डिसेंबर १९६१ नंतर पोर्तुगीज ही राज्यकर्त्यांची भाषा राहिली नाही. पण जुन्या जन्मनोंदी, दस्त, वाटणीची इन्व्हेंतारे त्याच भाषेत आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कचेरीत एक वयस्क गृहस्थ होते. लहानपणी ते पोर्तुगीज शाळेत गेले होते. असा जुना कागद आला की सगळे त्यांच्या टेबलाकडे बोट दाखवायचे. ते चष्मा पुसून, ओठ हलवत वाचायचे आणि समोरच्या म्हाताऱ्याला कोंकणीत सांगायचे, "हांगा तुज्या आज्याचें नांव आसा." त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. ते गृहस्थ निवृत्त झाले, काही वर्षांनी वारले, आणि आमचा एदुब्बा बंद झाला.

ते गेल्यावर मला आमच्या पेटीची घाई झाली. पोर्तुगीज गठ्ठ्यात घराचे कर भरल्याच्या पावत्या निघाल्या. मोडीचा गठ्ठा मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडे नेला. त्यांनी चार रविवार खर्च करून तो देवनागरीत उतरवून दिला. इस्टेटीची सनद वगैरे काही नाही. पणजोबांच्या काळातला भाताच्या उसनवारीचा हिशेब. कोणाला किती कुडव दिले, किती परत आले, किती दिढीने चढले. अगदी सुमेरियन वडी! फक्त तिकडे बार्लीच्या कर्जावर तिसरा हिस्सा व्याज घेत, आमचे पणजोबा निम्मे घेत होते.

त्यात एका बाईचे नाव आहे. आडनाव नाही, फक्त नाव आणि वाडा. दोन खंडी भात नेले, बदल्यात शेत गहाण. पुढे दरवर्षी चढलेले भात लिहिले आहे, आणि शेवटी एक ओळ: शेत आपल्याकडे लावले.

ते शेत मला माहीत आहे. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. १९७६ साली कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने ते कसणाऱ्या कुळाकडे गेले. बाबा त्या कायद्याला शेवटपर्यंत शिव्या घालत होते. "सरकारान आमचें शेत व्हेलें" हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. पेटीतली 'सगळी इस्टेट' म्हणजे त्या शेताचा पुरावा, असा त्यांचा समज होता. तो पुरावा खरोखरच पेटीत होता, पण त्यांना वाटत होता त्याच्या उलटा.

सुमेरियन भाषेत एक शब्द आहे, 'अमर्गी'. कर्जापायी गेलेली जमीन, बटीक झालेली माणसे राजाने मोकळी केली की त्याला हा शब्द वापरत. इ.स.पू. २४०० च्या सुमाराचा लगाशचा राजा एन्मेतेना याच्या लेखात तो येतो. पुढे त्याच नगरात उरुकगिना राजाने अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीला चाप लावला, मयताच्या वेळी पुजारी घेत ते दस्तुरीचे धान्यही कमी केले. 'अमर्गी'चा शब्दशः अर्थ आईकडे परतणे. माहेर हा आपला शब्द आईच्या घरावरूनच आला आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा अर्थ मनात उतरवायला वेळ लागत नाही. ते शेत १९७६ साली त्या बाईच्याच माणसांकडे परतले की तिसऱ्याच कोणाकडे गेले, हे मला कळायला मार्ग नाही. तिच्या वाड्यावर आज चार घरे आहेत. कोणत्या घरची ती, हे नुसत्या नावावरून ओळखता येत नाही.

बाबा असते तर हे त्यांना वाचून दाखवले असते का? अनेकदा विचार केला. खरे उत्तर असे की धीर झाला नसता. भावाला मात्र दाखवले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरे झाले, वाचता येत नव्हते ते." मला ते पटले नाही. वाचता येत नव्हते म्हणून आम्ही तीस-चाळीस वर्षे चुकीच्या माणसांवर राग धरून बसलो.

गेल्या दसऱ्याला पेटी खाली काढली. मुलांना उघडू दिली. मोडीच्या गठ्ठ्यावर देवनागरी नक्कल ठेवली आणि मोठ्या मुलीला ती बाईची नोंद मोठ्याने वाचायला सांगितली. तिने वाचली आणि विचारले, "ह्या बायेक मागीर कितें जालें?" मला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, तुमच्या माळ्यावरही अशी पेटी असेल. मोडी वाचणारी, पोर्तुगीज वाचणारी माणसे अजून आहेत, पण थोडी आहेत आणि वयाची आहेत. सुमेरियन वड्या मातीच्या होत्या, त्या चार हजार वर्षे वाट पाहू शकल्या. आपले कागद वाळवीच्या तोंडाशी आहेत. पूजा अवश्य करा, पण एकदा ते वाचूनही घ्या.